सेवांवरचा नवा सेल्स टॅक्स सह्या गोळा करून रद्द करता येईल का? वॉशिंग्टन राज्यापुरते सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण बेलव्ह्यूमध्ये पाच-सहा जणांची, दुसऱ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर करून देणारी लहान कंपनी चालवता. 1 ऑक्टोबर 2025 पासून वॉशिंग्टन राज्याने माहिती-तंत्रज्ञान सेवा, ग्राहकाच्या गरजेप्रमाणे करून दिलेले सॉफ्टवेअर, जाहिरात अशा अनेक सेवांवर सेल्स टॅक्स लागू केला. आपल्याकडील स्थानिक दर धरून तो दहा टक्क्यांच्या वर जातो, आणि बिलातला हा आकडा पाहून दोन जुन्या ग्राहकांनी काम थांबवले. आपण मूळचे कोल्हापूरचे असल्यामुळे शहरातला टोल लोकांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरून कसा हटवला, हे आपण जवळून पाहिले आहे. इथे तर मोर्चा न काढता केवळ सह्यांच्या बळावर कायदा मतदारांपुढे नेता येतो असे ऐकल्यावर आपण विचारले आहे की किती सह्या लागतात आणि सुरुवात कुठून करावी.

सह्यांचा आकडा मी पुढे देतेच, परंतु गेल्या वीस वर्षांत अशा सहा-सात मोहिमांमध्ये सह्या गोळा करण्यापासून मसुदे वाचण्यापर्यंत आणि खजिनदार म्हणून हिशेब ठेवण्यापर्यंत कामे केल्यावर माझे मत असे झाले आहे की आपली खरी अडचण सह्यांची नाही. कराविरुद्ध सह्या मिळतात. लोक रांगेत उभे राहून करतात. अडचण तीन ठिकाणी येते: या कायद्यापुरता कोणता मार्ग आज उघडा आहे, आपण लिहिलेला मजकूर न्यायालयात टिकेल का, आणि नोव्हेंबरमध्ये मतपत्रिका हातात घेतलेल्या माणसाने 'मग हा पैसा कुठून आणणार' असे विचारल्यास आपल्यापाशी काय उत्तर आहे. यातले पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून असते, म्हणून जिथे तसे आहे तिथे मी ते स्पष्ट सांगेन.

प्रथम मार्गाविषयी. वॉशिंग्टनच्या राज्यघटनेत 1912 मध्ये झालेल्या दुरुस्तीने मतदारांना दोन अधिकार दिले. विधिमंडळाने नुकताच केलेला कायदा अंमलात येण्याआधी मतदारांच्या निर्णयासाठी अडवून धरणे म्हणजे रेफरेंडम, आणि मतदारांनी स्वतः नवा कायदा मांडणे, ज्यात जुना कायदा रद्द करणेही आले, म्हणजे इनिशिएटिव्ह. रेफरेंडमला गेल्या गव्हर्नरच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या 4 टक्के सह्या लागतात, इनिशिएटिव्हला 8 टक्के. 2024 च्या निवडणुकीच्या हिशेबाने इनिशिएटिव्हचा आकडा 3,08,911 येतो आणि रेफरेंडमचा त्याच्या निम्मा. साहजिकच सर्वांना रेफरेंडम सोपा वाटतो. परंतु त्याच्या सह्या अधिवेशन संपल्यापासून 90 दिवसांच्या आत द्याव्या लागतात. 2025 चे अधिवेशन एप्रिलच्या शेवटी संपले, म्हणजे ती मुदत जुलैच्या अखेरीस गेली. आपल्याला कर जाणवला तो ऑक्टोबरमध्ये. बहुतेक लोकांचे असेच होते: कायदा वसंत ऋतूत होतो, झळ शरद ऋतूत लागते, आणि मधल्या काळात दार बंद झालेले असते.

मुदत शिल्लक असती तरी कराच्या कायद्याला आणखी एक कुंपण असते. सार्वजनिक शांतता, आरोग्य आणि सुरक्षितता यांच्या तातडीच्या रक्षणासाठी, अथवा राज्य शासन आणि त्याच्या विद्यमान संस्था चालवण्यासाठी आवश्यक असलेल्या कायद्यांना घटनेनेच रेफरेंडममधून वगळले आहे. कर हा शासन चालवण्यासाठीच असतो, आणि विधिमंडळाने विधेयकाच्या शेवटच्या कलमात तशी घोषणा केली की न्यायालये सहसा तिच्यात हात घालत नाहीत. त्यामुळे कोणतेही करविधेयक हाती आले की मी प्रथम शेवटचे कलम वाचते. इनिशिएटिव्हला हे कुंपण लागू होत नाही. तातडीचा म्हणून केलेला करसुद्धा इनिशिएटिव्हने रद्द करता येतो, फक्त तोपर्यंत तो भरत राहावा लागतो.

आपल्यासाठी उरला इनिशिएटिव्ह, आणि त्याचेही दोन प्रकार आहेत. एक थेट मतदारांकडे जातो: जानेवारीत मसुदा दाखल करायचा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे निवडणुकीच्या चार महिने आधी, सह्या द्यायच्या. दुसरा आधी विधिमंडळाकडे जातो. विधिमंडळ तो स्वीकारू शकते, दुर्लक्ष करून मतदारांकडे जाऊ देऊ शकते, किंवा स्वतःचा पर्यायी प्रस्ताव शेजारी ठेवू शकते. या दुसऱ्या प्रकाराला सह्यांसाठी अधिक महिने मिळतात, पण मतदान पुढच्या वर्षावर जाते. पहिल्या प्रकारात सहा महिने मिळतात असे कागदावर दिसते, प्रत्यक्षात ते चारच्या आसपास येतात. मसुदा दाखल झाल्यावर कोड रिव्हायझर या कायदेविषयक कार्यालयाला तो तपासायला कामाचे सात दिवस असतात, नंतर आपल्याला सुधारून अंतिम मसुदा द्यावा लागतो, मग ॲटर्नी जनरल मतपत्रिकेवरचे शीर्षक लिहितात, आणि त्या शीर्षकाविरुद्ध कोणीही थर्स्टन काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जाऊ शकते. विरोधक जातातच. तिथला निकाल अंतिम असतो, पण तो लागेपर्यंत आपण सह्यांचा एकही अर्ज छापू शकत नाही.

आता मसुद्याकडे येते, कारण माझ्या अनुभवात इथेच घोडे पेंड खाते.

वॉशिंग्टनमध्ये करविरोधी मोहिमा मतदानात जिंकून न्यायालयात हरल्याची उदाहरणे इतकी आहेत की प्रत्येक नव्या प्रस्तावकाने ती पाठ करावीत असे मला मनापासून वाटते. 1999 मध्ये इनिशिएटिव्ह 695 आला. गाड्यांच्या वार्षिक नोंदणीचा कर, ज्याला इथे कार टॅब्स म्हणतात, गाडीच्या किमतीच्या प्रमाणात न घेता सरसकट 30 डॉलर करावा, आणि यापुढे प्रत्येक करवाढीला मतदारांची मंजुरी लागावी, अशा त्याच्या दोन मागण्या होत्या. टिम आयमन या गृहस्थांचे नाव त्या मोहिमेपासून घरोघरी पोचले. सुमारे 56 टक्के मते मिळाली. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो संपूर्ण रद्द केला, कारण घटनेप्रमाणे एका विधेयकात एकच विषय असावा लागतो, आणि हे बंधन मतदारांच्या प्रस्तावालाही लागू आहे. कार टॅब्स हा एक विषय आणि पुढच्या सर्व करांची मंजुरी हा दुसरा. लोकमताचा रेटा मोठा असल्यामुळे विधिमंडळाने आणि गव्हर्नर गॅरी लॉक यांनी 30 डॉलरचा भाग स्वतःहून कायद्यात आणला, आणि त्या काळात फेरी बोटी, बससेवा व लहान काउंट्यांच्या आरोग्य विभागांचे हाल झाले ते वेगळेच. पण मंजुरीची मागणी, जी प्रस्तावकांना दूरगामी वाटत होती, ती गेली.

त्याहून बोधप्रद मला 2001 चा इनिशिएटिव्ह 747 वाटतो. मालमत्ता कराच्या एकूण वसुलीत वर्षाला एक टक्क्याहून अधिक वाढ, मतदारांना न विचारता, करू नये असा तो होता आणि मंजूर झाला. घटनेची आणखी एक अट अशी आहे की ज्या कायद्यात दुरुस्ती करायची तो पूर्ण मजकुरासह दाखवावा. प्रस्तावकांनी त्याआधीच्या एका इनिशिएटिव्हने बदललेला मजकूर आधार म्हणून छापला, ज्यात मर्यादा दोन टक्के होती. तो आधीचा इनिशिएटिव्हच पुढे न्यायालयात रद्द झाला. म्हणजे मतदाराने कागदावर दोनाचा एक होताना पाहिला, वास्तवात मात्र सहाचा एक होत होता. सहा वर्षे कायदा चालल्यानंतर 2007 च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्याच महिन्यात गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉयर यांनी विशेष अधिवेशन बोलावले आणि विधिमंडळाने एक टक्क्याची मर्यादा पुन्हा घातली. ती आजही आहे. ज्यांना सह्यांच्या मोहिमा व्यर्थ वाटतात त्यांना मी हे उदाहरण देते: न्यायालयात हरलेला प्रस्तावही लोकांची इच्छा पुरेशी स्पष्ट असेल तर विधिमंडळाच्या हातून परत येऊ शकतो. परंतु त्या भरवशावर मसुदा ढिला ठेवू नये. 2019 च्या इनिशिएटिव्ह 976 ला, पुन्हा 30 डॉलरच्याच मागणीला, असा कोणी वाली मिळाला नाही. शीर्षकात 'मतदारांनी मंजूर केलेले आकार वगळून' अशा अर्थाचे शब्द होते, आणि प्रत्यक्षात मसुदा पूर्वी मतदारांनी मंजूर केलेले आकारही काढत होता. 2020 मध्ये न्यायालयाने दिशाभूल आणि एकाहून अधिक विषय या दोन्ही कारणांनी तो रद्द केला.

आपण पत्रात लिहिले आहे की कर रद्द करण्यासोबतच 'यापुढे दोन तृतीयांश बहुमताशिवाय कर वाढवू नये' असेही घालावे. कृपया घालू नका. एक तर तो दुसरा विषय होतो. शिवाय ही अट मतदारांनी 1993 पासून अनेकदा मंजूर केली, 2010 आणि 2012 मध्येही केली, आणि 2013 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की साध्या बहुमताची तरतूद घटनेतच असल्यामुळे ती घटनादुरुस्तीशिवाय बदलता येणार नाही. वॉशिंग्टनमध्ये इनिशिएटिव्हने घटना बदलता येत नाही. कॅलिफोर्नियाशी तुलना करताना लोक हा फरक विसरतात. 6 जून 1978 रोजी तिथे प्रपोझिशन 13 सुमारे 65 टक्के मतांनी मंजूर झाले. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांच्या त्या प्रस्तावाने मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर आणला, मूल्यांकनाची वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर रोखली, आणि राज्याच्या करवाढीला विधिमंडळात दोन तृतीयांश मते आवश्यक केली. ते जवळपास अर्धे शतक टिकले याचे मुख्य कारण ते कॅलिफोर्नियाच्या घटनेत लिहिले गेले. आपल्याकडे मंजूर झालेल्या इनिशिएटिव्हला दोन वर्षांचे संरक्षण असते, म्हणजे त्या काळात तो बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. नंतर साधे बहुमत पुरते.

म्हणून आपल्या बाबतीत माझा सल्ला असा राहील की मसुदा अतिशय लहान ठेवावा: सेवांवरचा कर ज्या कलमांनी आला ती कलमे पूर्ण मजकुरासह, आणि केवळ ती रद्द. कायद्याच्या मसुद्यांचे काम केलेल्या वकिलाला दाखल करण्याआधीच दाखवावे. एका मोहिमेत मी हे सांगितले होते. प्रस्तावकांनी वकिलाची फी वाचवली आणि तेच पैसे नंतर छापलेले अर्ज रद्दीत घालण्यात गेले.

सह्यांविषयी आपण सर्वाधिक विचारले आहे, म्हणून त्यातल्या मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या दोनच गोष्टी सांगते. पहिली, 3,08,911 हा खालचा आकडा आहे. किमान पंचवीस टक्के अधिक सह्या द्याव्यात असे मानले जाते, कारण नोंदणी नसलेले, पत्ता बदललेले आणि सही न जुळणारे पुष्कळ निघतात. राज्याचे निवडणूक कार्यालय बहुधा सगळ्या सह्या न तपासता सुमारे तीन टक्क्यांचा नमुना घेते. या पद्धतीत एकाच माणसाने दोनदा केलेली सही फार महाग पडते. शंभरातल्या तीन सह्या उचलल्या असताना एकाच माणसाच्या दोन्ही सह्या नमुन्यात येण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी असते, म्हणून नमुन्यात अशी एक जोडी सापडली तर संपूर्ण ढिगात तशा सुमारे 1,100 जोड्या आहेत असे गणित मांडले जाते. मी स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी हेच शिकवते: 'आधी कुठे सही केली आहे का' हा प्रश्न विचारल्याशिवाय पेन देऊ नका. उत्साही माणूस प्रेमाने दुसऱ्यांदा सही करतो आणि आपले नुकसान करतो.

दुसरी गोष्ट जागेची. लिनवूडच्या अल्डरवुड मॉलच्या प्रकरणात 1981 मध्ये न्यायालयाने मोठ्या मॉलमध्ये सह्या मागण्याचा हक्क मान्य केला, पण 1999 मध्ये एकट्या उभ्या किराणा दुकानाच्या दाराशी तो हक्क नाही असे ठरले. म्हणून दुकानाबाहेर उभे राहण्याआधी व्यवस्थापकाला विचारावे, आणि नाही म्हटले तर वाद न घालता निघावे. पैसे देऊन सह्या गोळा करणारे लोक कायदेशीर आहेत. 1988 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरची कोलोरॅडोची बंदी घटनाबाह्य ठरवली. केवळ स्वयंसेवकांवर चार महिन्यांत पावणेचार-चार लाख सह्या होतील का, हे आपल्यामागे कोणती संघटना उभी राहते यावर अवलंबून आहे. एकट्या लहान उद्योजकाला ते झेपत नाही, हे स्पष्टच सांगते.

आणि तरीही सह्या होऊ शकतात. माझी पहिली मोहीम 2005 ची. विधिमंडळाने पेट्रोलवर गॅलनमागे साडेनऊ सेंटची टप्प्याटप्प्याने वाढ केली होती, कायद्याला तातडीचे कलम होते, म्हणून रेफरेंडमचा मार्ग बंद होता आणि इनिशिएटिव्ह 912 निघाला. रेडिओवरच्या कार्यक्रमांनी हाक दिली आणि पाच-सहा आठवड्यांत चार लाखांहून अधिक सह्या जमल्या, तेव्हा गरज 2,24,880 ची होती. आदल्याच वर्षी नागरिक झालेली मी मुकिल्टियोच्या फेरीसाठी थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत अर्ज घेऊन फिरत होते. लोक खिडकीतून हात बाहेर काढून अर्ज मागून घेत. तो जुलै मी विसरणार नाही. मला वाटले, आपण जिंकलोच.

नोव्हेंबरमध्ये आम्ही हरलो. साधारण 55 टक्के मतदारांनी करवाढ कायम ठेवण्याच्या बाजूने मत दिले. मधल्या चार महिन्यांत विरोधकांनी एकच प्रश्न लावून धरला: भूकंपात खिळखिळा झालेला सिएटलचा अलास्कन वे व्हायाडक्ट हा उंचावरचा रस्ता आणि लेक वॉशिंग्टनवरचा 520 क्रमांकाच्या महामार्गाचा पूल यांचे पैसे कोण देणार? आमच्याकडे राग होता, पुलांचे उत्तर नव्हते. सही करणे आणि मत देणे या दोन वेगळ्या मनःस्थिती आहेत, हे मी तेव्हा शिकले. सही रांगेत उभ्याने, अर्ध्या मिनिटात होते. इथे मतपत्रिका टपालाने घरी येते, माणूस ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवतो, शेजारी राज्याने पाठवलेली मतदार पुस्तिका उघडतो आणि दोन्ही बाजू वाचतो.

आता तर मतपत्रिकेवरच तो प्रश्न छापलेला असतो. 2022 च्या कायद्यानुसार कर बदलणाऱ्या प्रस्तावाच्या शीर्षकात, त्यामुळे कोणत्या सेवांचा निधी कमी होईल, हे ॲटर्नी जनरलना एका ओळीत लिहावे लागते. 2024 मध्ये भांडवली नफ्यावरचा कर रद्द करण्यासाठी आलेल्या इनिशिएटिव्ह 2109 वर शालेय शिक्षण, उच्च शिक्षण, शाळांची बांधकामे आणि बालसंगोपन यांचा निधी घटेल अशी ओळ होती. तो सुमारे 64 टक्के विरोधी मतांनी पडला. त्या ओळीमुळेच पडला असे मी म्हणणार नाही, कारण तो कर फार थोड्या श्रीमंतांना लागतो हेही शीर्षकावरून दिसत होते. उलट 2010 मध्ये गोळ्या-चॉकलेट, बाटलीबंद पाणी आणि शीतपेये यांवरचा नवा कर इनिशिएटिव्ह 1107 ने सुमारे 60 टक्के मतांनी रद्द झाला. तिथे कर प्रत्येकाच्या खरेदीच्या पिशवीत दिसत होता आणि शीतपेय उद्योगाने प्रचारावर एक कोटी साठ लाख डॉलरहून अधिक ओतले होते.

आपला कर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. तो थेट कुटुंबाला दिसत नाही, कंपनीच्या बिलावर दिसतो. परंतु तो मोजक्या श्रीमंतांचाही नाही. जिंकायचे असेल तर वेबसाइट करून घेणारा बेकरीवाला, जाहिरात देणारा नळकाम करणारा, संगणक दुरुस्ती बाहेरून करून घेणारे छोटे दवाखाने यांनी स्वतः बोलले पाहिजे. मोठ्या कंपन्यांचा चेहरा पुढे आला तर मते जातील, असा माझा अंदाज आहे. आणि निधीचे उत्तर आपण आजच लिहून काढावे: कोणता खर्च कमी करावा किंवा कोणता दुसरा कर आपल्याला मान्य आहे. हे उत्तर लिहिता येत नसेल तर आपल्यापुढे आणखी एक सभ्य पर्याय आहे, तो म्हणजे आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना भेटून लहान उद्योगांपुरती सूट मागणे. जानेवारीत अधिवेशन भरते, समित्यांपुढे दूरस्थ साक्ष देता येते, आणि दहा खऱ्या बिलांच्या प्रती घेऊन आलेला माणूस तिथे ऐकला जातो. मी आपल्या जागी असते तर दोन्ही कामे समांतर केली असती. चांगला मसुदा दाखल झालेला असणे हे वाटाघाटीतही उपयोगी पडते.

शेवटी आपल्या मराठी मित्रमंडळींविषयी, कारण गणेशोत्सवात आणि मंडळाच्या कार्यक्रमात अर्ज फिरवण्याचा आपला विचार आहे. सही केवळ वॉशिंग्टनमध्ये नोंदणी झालेल्या मतदाराने करायची असते, म्हणजे अमेरिकन नागरिकाने. एच-1बी वर असलेल्या किंवा ग्रीन कार्डधारक मित्राने 'आपलेच काम आहे' म्हणून सही केली तर ती बाद होतेच, पण अर्जावरच खोट्या सहीबद्दल शिक्षेची सूचना छापलेली असते, आणि पुढे त्याच्या नागरिकत्वाच्या अर्जात तो डाग ठरू शकतो. एच-1बी धारकांकडून देणगीही घेऊ नये. परदेशी नागरिकांच्या देणग्यांना राज्याचा कायदा मनाई करतो, ग्रीन कार्डधारक त्यात मोडत नाहीत. पैसा जमायला लागण्याआधी पब्लिक डिस्क्लोजर कमिशन या, प्रचाराच्या पैशांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेकडे मोहिमेच्या समितीची नोंदणी करावी, ती दोन आठवड्यांच्या मुदतीत करावी लागते. सह्यांचे अर्ज सार्वजनिक नोंद मानले जातात, आणि 2010 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टनच्याच एका प्रकरणात ते उघड करण्यास सर्वसाधारणपणे हरकत नाही असा निर्णय दिला. ज्यांना आपली सही मालकाला दिसण्याची भीती वाटते त्यांना हे आधी सांगावे. मंडळात टेबल लावताना एकाने फक्त मतदार नोंदणीची खात्री करायची आणि दुसऱ्याने अर्ज पुढे करायचा, अशी जोडी ठेवा. मसुदा तयार झाला की मला पाठवा. कलमांचा मूळ मजकूर आजच्या कायद्याशी शब्दशः जुळतो का, एवढे मी बसून तपासून देईन.